टेप बाजूला ठेवा: बोटीच्या इंधन लायनीतले आट्यांचे जोड कसे बसवायचे

आटे दिसले की हात टेफ्लॉन टेपकडे जातो. नळाचं काम ज्यानं केलंय त्याला ही सवय असतेच, आणि नळावर ती बरोबरही आहे. बोटीच्या इंधन लायनीवर मात्र ही सवय इंजिन बंद पाडते. म्हणून जोड उघडलात की टेप, डिंक, सफेदा यातलं काहीही हातात घेण्याआधी एक गोष्ट बघा: हा जोड सील कुठे होतो? आट्यांवर, वायसरवर, की तोंडाच्या कोनावर? एवढं ओळखलं की काय लावायचं ते ठरून जातं. बऱ्याच जोडांवर तर काहीच लावायचं नसतं, हेही तेव्हाच कळतं.

मी डिझेलचा मेकॅनिक आहे, गॅरेज नागपुरात कामठी रोडच्या बाजूला. रोजचं काम शेतीच्या पंपांचं आणि जनरेटरचं. त्याच्या जोडीला रामटेकजवळच्या खिंडसी तलावावरच्या बोटींचं काम येतं, काही डिझेलवरच्या, काही मागे लावायच्या पेट्रोल इंजिनाच्या, म्हणजे आउटबोर्ड. नागपुरात बोटी कुठल्या, असं बाहेरचे लोक विचारतात. खिंडसी आहे, पेंचचा जलाशय आहे, खाली वैनगंगेवर गोसीखुर्द आहे. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरलं, तेव्हा शहराच्या रस्त्यांवरून बोटींनी माणसं काढावी लागली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. आपल्याकडच्या बोटीची गोष्ट समुद्रावरच्या बोटीपेक्षा वेगळी आहे. ती बहुतेक दिवस उभी असते, उन्हात तापते, आणि जेव्हा लागते तेव्हा पहिल्याच झटक्यात चालू व्हावी लागते. उभ्या इंजिनाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे जोडातून आत जाणारी हवा.

हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. डिझेल इंजिनात टाकीपासून फीड पंपापर्यंतची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपापर्यंतची, लायन खेचण्याच्या बाजूची असते. पंप चालू असताना तिच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. त्यामुळे तिथला जोड ढिला असेल तर डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. जोड बाहेरून कोरडा, स्वच्छ, चकाचक. ज्या बारीक फटीतून डिझेलचा थेंबही येत नाही तिच्यातून हवा आरामात जाते. मग इंजिन चालू होतं, थोडा वेळ चालतं, आरपीएम खालीवर होतात आणि भर तलावात बंद पडतं. किंवा रात्रभर उभ्या बोटीत लायनीतलं डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. हँड प्रायमर, म्हणजे लायनीत डिझेल भरायचा हातपंप, मारला की चालू, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आमच्या भाषेत इंजिन एअर पकडतं. असं असताना लोक इंजेक्शन पंप काढून पंप दुरुस्तीच्या लॅबला टाकतात, नोझल बदलतात, हजारो रुपये घालवतात, आणि दोष निघतो टाकीच्या तोंडावरच्या एका निपलमध्ये, म्हणजे आटे पाडलेल्या छोट्या नळीच्या तुकड्यात. लक्षणं अशी दिसली तर पंपाला हात लावण्याआधी टाकीपासून फीड पंपापर्यंतचा एकेक जोड बघा.

पंपाच्या पुढची बाजू दाबाची. तिथला ढिला जोड ओला होतो, वास येतो, दिसतो. तो शोधायला सोपा, पण आगीच्या दृष्टीनं तोच जास्त वाईट.

कामाला हात घालण्याआधी

बॅटरीची निगेटिव्ह काढा. इंजिनच्या पेटीचं झाकण उघडून हवा खेळू द्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचून बसते. वास नाकाला जाणवत नाही म्हणून तळाशी वाफ नाही असं समजू नका. आउटबोर्डची सुटी टाकी असेल तर ती बोटीतून उतरवून लांब सावलीत ठेवा.

डिझेलबद्दल आपल्या भागातल्या लोकांना एक गोष्ट मुद्दाम सांगतो. भारतीय मानकाप्रमाणे आपल्याकडच्या डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस. म्हणजे त्या तापमानाच्या आसपास किंवा वर डिझेलवर पेट घेऊ शकेल इतकी वाफ तयार होऊ शकते. मे महिन्यात नागपुरात सावलीतला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि खिंडसीच्या काठावर उन्हात उभ्या बोटीच्या बंद पेटीत तर त्याहून जास्त. ‘डिझेल आहे, पेटत नाही’ हे वाक्य थंड मुलखात चालत असेल, आपल्या उन्हाळ्यात नाही. मे-जूनमध्ये डिझेललाही पेट्रोलसारखंच वागवा: काम पहाटे, ग्राइंडर बंद, विडी-सिगारेट लांब.

जोड ओळखा

इंधन लायनीत साधारण तीन प्रकारचे जोड भेटतात.

पहिला, निमुळत्या आट्यांचा. निपल टोकाकडे बारीक होत जातो, प्रत्येक १६ मिमी लांबीला १ मिमी इतका. पाचरीसारखा आत घुसत घट्ट होतो. हा आट्यांवरच सील होतो. तरी आट्यांच्या शेंड्यात आणि खोबणीत गोल फिरत जाणारी एक बारीक वाट उरते, आणि ती भरायलाच सीलंट लागतं. टाकीचं तोंड, फिल्टरचं हेड (वरचा ओतीव भाग), तापमान किंवा दाबाचे सेन्सर इथे हा सापडतो.

दुसरा, सरळ आट्यांचा. बँजो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून इंधन जातं तो), ब्लीड स्क्रू (हवा काढायचा), ओ-रिंगचे पोर्ट (आट्यांची भोकं). इथे आट्यांचं काम फक्त दाबून धरण्याचं, सील करतं ते वायसर किंवा ओ-रिंग. या आट्यांवर टेप गुंडाळून काही फायदा नाही, उलट वायसर तिरपं बसतं.

तिसरा, कोनाचा: पाइपाचं फुलवलेलं तोंड किंवा फेरूल (पाइपावर बसवलेलं छोटं कडं) नटाखाली दाबलं जातं आणि धातूवर धातू बसून सील होतं. पंपापासून नोझलपर्यंतच्या जाड पाइपा याच जातीच्या.

निमुळते आटे की सरळ, हे डोळ्यांनी नेहमी कळत नाही. व्हर्नियर घ्या, पहिल्या आट्याजवळ आणि शेवटच्या आट्याजवळ बाहेरचं माप घ्या. फरक दिसला की निमुळता. शंका राहिली तर निपल स्टीलच्या सरळ पट्टीला लावून उजेडात धरा, एका टोकाला फट दिसते.

पाव इंच आणि पाव इंच

आता जिथे सगळ्यात जास्त गडबड होते तिथे येऊ. इतवारीत लोहा ओळीत जाऊन ‘पाव इंची पितळी निपल द्या’ म्हणालात तर जो हातात पडेल तो बीएसपी, म्हणजे ब्रिटिश पाइप आट्याचा असेल, कारण आपल्याकडचं नळाचं, पंपाचं, कॉम्प्रेसरचं सगळं सामान त्याच आट्याचं. पण बोटीच्या टाक्या आणि वॉटर सेपरेटर (इंधनातलं पाणी वेगळं करणारे फिल्टर) पुष्कळदा अमेरिकन मापाचे असतात, म्हणजे एनपीटी. दोन्हीला पाव इंचच म्हणतात. बीएसपीच्या पाव इंचाचं बाहेरचं माप सुमारे १३.१५ मिमी आणि एका इंचात १९ आटे. एनपीटीचं सुमारे १३.७ मिमी आणि इंचात १८ आटे. आट्याचा कोनही वेगळा, बीएसपीचा ५५ अंश, एनपीटीचा ६० अंश.

हे दोन एकमेकांत घालून बघा. पहिले दोन-तीन फेरे बोटांनी सहज जातात. मग अडतं. पाना लावला की आणखी थोडं जातं आणि हाताला ‘बसलं’ असं वाटतं. ते बसलेलं नसतं. १८ आणि १९ चा हिशोब जुळत नाही म्हणून एक-दोन आटे एकमेकांवर चढलेले असतात आणि बाकीच्यांमध्ये मोकळी फट असते. असा जोड कुठल्याच डिंकानं टिकत नाही. इंजिनच्या थरथरीत काही दिवसांत हवा घ्यायला लागतो, आणि तोपर्यंत अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे ओरबाडले गेलेले असतात. अर्ध्या इंचात दोन्हीला १४ आटे असल्यामुळे तिथे तर पूर्ण आत जातं आणि फसवणूक आणखी पक्की होते, कारण कोन तरीही जुळलेला नसतो.

जपानी इंजिनांवर सेन्सरचे छोटे आटे बहुतेक बीएसपीच्या निमुळत्या जातीचे, एक अष्टमांश इंचाचे, इंचात २८. एनपीटीच्या एक अष्टमांशात २७. त्याच्याच जवळ मेट्रिक १० मिमी, १ मिमी पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) आटा येतो. तिन्ही टेबलावर शेजारी ठेवले तर नवख्याला फरक दिसणार नाही. म्हणून पिच गेज विकत घ्या. पात्यांचा छोटा संच असतो, फार महाग नाही, आणि इंधन लायनीचं काम करणाऱ्यानं तो खिशात ठेवावा. गेजचं पातं आट्यावर ठेवून उजेडाकडे धरा. उजेड आरपार दिसला तर ते पातं तुमचं नाही.

माप जुळत नसेल तर जुळवणारा अडॅप्टर शोधा किंवा लेथवाल्याकडून करून घ्या. जबरदस्ती करू नका.

आणखी एक: नळाच्या दुकानातला जस्ताचा मुलामा दिलेला जीआय निपल डिझेलला लावू नका. डिझेल जस्तावर क्रिया करतं, त्याचा साबणासारखा चिकट मळ तयार होऊन फिल्टर आणि नोझलपर्यंत जातो. पितळ, स्टेनलेस किंवा साधं स्टील घ्या. टाकी अॅल्युमिनियमची असेल तर पितळी निपल थेट तिच्यात बसवू नका, ओलाव्यात दोन धातूंमध्ये गंज लागतो आणि खातो तो टाकीला. मध्ये स्टेनलेसचा तुकडा द्या.

निमुळता जोड बसवताना

टेपबद्दल पोरं मला नेहमी विचारतात, ‘भाऊ, टेप नाही गुंडाळली तं थांबन कसं?’ टेफ्लॉनला डिझेल-पेट्रोलनं काही होत नाही, हे खरं आहे. अडचण तिच्या तंतूंची आहे. निपल फिरताना टेपची कड कापली जाते आणि पांढरा धागा आतल्या बाजूला लोंबतो. फिल्टरच्या आधी असेल तर तो फिल्टरमध्ये अडकेल. फिल्टरच्या पुढच्या जोडातून सुटला तर थेट फीड पंपाच्या व्हॉल्व्हमध्ये, इंजेक्शन पंपात किंवा कार्ब्युरेटरच्या नीडलखाली (पेट्रोल अडवणाऱ्या सुईखाली). नीडलखाली केसाएवढा तुकडा आला तरी कार्ब्युरेटर वाहायला लागतो. त्यातच टेप बुळबुळीत, त्यामुळे पाना गरजेपेक्षा जास्त फिरतो आणि ओतीव हेड तडकतं. फिल्टरच्या आधी चालेल, नंतर नाही, असा नियम काही जण करतात. मी माझ्या गॅरेजमध्ये तोही ठेवलेला नाही. पुढच्या वेळी जोड उघडणारा वेगळा असतो आणि जुन्या टेपचे तुकडे आत पाडणारा तोच असतो.

सफेदा आणि सुताचा धागा पाण्याच्या पाइपासाठी. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं. बाहेरून एम-सील थापणं तर जोड सील करणं नव्हेच. तेलकट धातूवर ते धरत नाही, आणि आतला दोष मात्र झाकला जातो.

लावायचं ते अॅनेरोबिक पाइप सीलंट. लॉक्टाइटचं ५४५ जांभळं असतं, त्यात कुठलाही भराव नाही, म्हणून बारीक आट्यांच्या आणि बारीक भोकांच्या फिटिंगला ते मला आवडतं. निमुळत्या पाइप आट्यांना, विशेषतः स्टेनलेसला, ५६७. दुसऱ्या कंपन्यांची अशीच सीलंटं बाजारात आहेत. बाटलीवर इंधनाला चालतं असं लिहिलेलं बघा. बोल्ट लॉक करायचं लाल द्रव मात्र इथे वापरू नका, जोड पुन्हा उघडताना हेड मोडेल. हे सीलंट हवेत ओलं राहतं आणि धातूच्या बारीक फटीत हवा तुटली की घट्ट होतं. बाटली अर्धी रिकामी दिसते ती याचसाठी, आतली हवा त्याला ओलं ठेवते. बाटलीचं तोंड धातूला टेकवू नका आणि उरलेलं परत बाटलीत ओतू नका.

पद्धत अशी. आधी पोर्टच्या आत, भोकात, स्वच्छ चिंधीचा बोळा घाला म्हणजे कचरा आत जाणार नाही. जुनं सीलंट आणि टेपचे धागे दाभणानं आट्यांमधून ओढून काढा, पितळी ब्रश फिरवा, बोळा सावकाश बाहेर ओढा. निपल आणि पोर्ट दोन्ही थिनर किंवा ब्रेक क्लीनरनं पुसा, डिझेलचा तेलकटपणा राहिला तर सीलंट धरत नाही. पूर्ण कोरडं होऊ द्या.

सीलंट फक्त निपलला, पोर्टच्या आत कधीच नाही. टोकाचा पहिला आटा, शक्य असेल तर दुसराही, कोरडा सोडा. त्याच्यापुढच्या तीन-चार आट्यांवर गोल पट्टा लावा, खोबणी भरेल इतकाच. निपल आत जाताना सीलंट मागे सरकत बाहेरच्या बाजूला येतं आणि आतल्या वाटेत काही जात नाही. पहिल्या आट्यालाच लावलं तर तो आटा सगळं पुढे ढकलतो, थेट इंधनात.

बोटांनी फिरवून घट्ट करा. आटे तिरपे चढत नाहीत ना ते बोटांना कळतं, पान्याला कळत नाही. मग पान्यानं साधारण दीड ते दोन फेरे. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये त्यातही हात राखून, कारण पाचर जितकी आत जाईल तितका बाहेरचा गळा ताणला जातो. दुसऱ्या पान्यानं हेड धरा, नाहीतर सगळा जोर त्याच्या ब्रॅकेटवर येतो. एल्बोचं, म्हणजे काटकोनी फिटिंगचं, तोंड हव्या दिशेला आणायचं असेल तर पुढे फिरवूनच आणा. मागे फिरवलात तर सील तुटलं असं समजा, काढा, पुसा, पुन्हा लावा.

पूर्ण पकड यायला साधारण २४ तास. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री थंडी पडते, तेव्हा जास्त वेळ द्या. स्टेनलेसवर हे सीलंट हळू घट्ट होतं, तिथे अॅक्टिव्हेटरचा फवारा मारला की काम होतं.

प्लास्टिकवर अॅनेरोबिक वापरूच नका. तिथे ते घट्ट होत नाही, आणि फिल्टरच्या पारदर्शक वाटीसारखं प्लास्टिक त्यानं तडकू शकतं. प्लास्टिकच्या टाकीत धातूचा निमुळता निपल घट्ट केला तर टाकीचं तोंड फाटतं. प्लास्टिकला ओ-रिंगची फिटिंग असेल तीच लावा.

वायसरचे जोड

बँजो बोल्टला दोन वायसर, पाइपाच्या गोल तोंडाच्या एकेका बाजूला एक. डोक्याखालचं सगळे बदलतात, मागचं विसरतात. जुनं मागचं वायसर हेडला चिकटून राहिलेलं असतं, त्याच्यावरच नवं बसतं आणि जोड गळतो. बोटानं चाचपून बघा.

अॅल्युमिनियमचं वायसर एकदाच वापरायचं. तांब्याचं नवं मिळालं तर नवंच, ते काही महाग नसतं. पण रामटेकला काठावर उभे असताना दुकान नसतं, म्हणून जुनं कसं नरम करायचं ते माहीत असावं. तांबं दाबलं गेलं की कडक होतं आणि पुन्हा पृष्ठभागाला बसत नाही. बोटीपासून आणि इंधनापासून लांब, वायसर तारेत अडकवून गॅसच्या ज्वाळेवर मंद लाल होईपर्यंत तापवा, मग पाण्यात टाका. स्टील पाण्यात टाकलं की कडक होतं, तांबं नरमच राहतं. काळी पापडी बारीक पॉलिश पेपरनं काढा. पेपर काचेवर ठेवून वायसर त्यावर आठाच्या आकड्यात घासा, दोन्ही बाजू एकसारख्या चमकल्या की सपाट झालं. बसलेल्या वळ्याची खोल रेघ उरली असेल तर टाकून द्या.

ज्या पृष्ठभागावर वायसर बसतं तिथे नख फिरवा. मध्यापासून बाहेर जाणारा ओरखडा असेल तर कितीही वायसर बदला, गळणारच. गोलाकार रेघांनी तितकं बिघडत नाही. अशा ठिकाणी रबर चिकटवलेलं बॉन्डेड वायसर, दुकानात ज्याला डावटी म्हणतात, ते चांगलं काम करतं. व्हिटॉन रबराचं मिळालं तर तेच घ्या. ओ-रिंगला बसवताना थोडं डिझेल किंवा तेल लावा, सीलंट नाही. बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच आवळा. बँजो बोल्ट आतून पोकळ असतो, जोर जास्त झाला की भोकापाशी तुटतो.

कोनाच्या जोडाबद्दल थोडक्यात. त्याला काहीही लावू नका, फक्त दोन्ही तोंडं स्वच्छ हवीत. फुलवलेल्या तोंडाचे नेहमीचे कोन दोन, ४५ अंश आणि ३७ अंश, ते एकमेकांना चालत नाहीत. नट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. पाइप ओढून-वाकवून नट धरावा लागत असेल तर पाइप चुकीचा वाकवलाय, तो आधी सरळ करा. आणि नोझलकडे जाणारी पाइप गळते का हे चालू इंजिनावर हात फिरवून कधीही बघू नका. तिथली बारीक धार कातडी भेदून आत जाते आणि हात गमवायची वेळ येते. पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा. कुणाला अशी धार लागलीच तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच मोठ्या दवाखान्यात न्या.

पेट्रोल आता पूर्वीसारखं राहिलं नाही

२०२३ पासून पंपांवर ई२० यायला लागलं, म्हणजे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. जुन्या मेकॅनिकांकडे जोडांसाठी शेलॅकची बाटली असायची आणि तेव्हाच्या पेट्रोलला ते चालायचंही. शेलॅक म्हणजे पळसावर, कुसुमावर, बोरीवर होणारी लाख, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुतार त्याचं पॉलिश असंच तर बनवतात. इथेनॉल हे अल्कोहोलच. आउटबोर्डच्या जोडावर शेलॅक लावलेलं असेल तर ते आज ना उद्या धुऊन जाणार. जुने रबरी होज आणि ओ-रिंगही या पेट्रोलमध्ये नरम पडू शकतात. दाबून बघा, चिकट किंवा फुगलेले वाटले की बदला. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यानंतर उभ्या राहणाऱ्या आउटबोर्डची टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

सुटी टाकी उन्हात फुगते आणि आतला दाब पेट्रोल लायनीत ढकलतो. बोट उभी करताना इंजिनकडचा कनेक्टर काढा आणि टाकी सावलीत न्या. चांगला बसवलेला जोडही या दाबानं पाझरू शकतो.

तपासणी

पेट्रोलची लायन इंधन भरण्याआधी कोरडीच तपासा. दोन्ही टोकं, टाकी आणि इंजिन, सोडवून बंद करा, हातपंपानं ३ पीएसआयपर्यंत हवा भरा, याहून जास्त नको. गेजचा काटा पाच मिनिटं स्थिर राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी ब्रशनं एकेका जोडाला लावा. बुडबुडा येईल तो जोड पुन्हा उघडा. इंधनानं ओल्या झालेल्या जोडाला आणखी पाना मारून बघणं हा उपाय नाही.

डिझेलच्या खेचण्याच्या बाजूला सगळ्यात चांगलं साधन म्हणजे पारदर्शक नळीचा वीतभर तुकडा. तो तात्पुरता फीड पंपाच्या आधी जोडा, एअर काढा, इंजिन चालवा आणि नळीकडे टॉर्चच्या उजेडात बघत राहा. पहिले काही बुडबुडे जुने असतात. पाच-दहा मिनिटांनंतरही बारीक बुडबुड्यांची माळ येतच राहिली तर हवा मागून येतेय. मग नळी एकेक जोड टाकीकडे सरकवा. ज्या जोडाच्या पुढे बुडबुडे दिसतात आणि मागे दिसत नाहीत, तोच तुमचा जोड. नळी नसेल तर डिझेलचा डबा बोटीत नीट बांधून त्यातून थेट फीड पंपाला होज द्या. इंजिन नीट चाललं तर दोष टाकी आणि पंपाच्या मधेच आहे. तपासणी झाली की ती पारदर्शक नळी काढून टाका. ती कायमची ठेवायची वस्तू नाही, उन्हानं कडक होऊन फुटते आणि आगीत लगेच वितळते.

एअर काढताना क्रम पाळा: आधी फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू, हँड प्रायमर मारत राहा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की प्रायमर दाबत असतानाच स्क्रू बंद करा. मग इंजेक्शन पंपावरचा. त्यानंतरही चालू झालं नाही तरच नोझलचे नट अर्धा फेरा ढिले करून सेल्फ मारा. ब्लीड स्क्रूच्या खालचं वायसरही बघा, पुष्कळ वेळा हवा घेणारा जोड तोच निघतो. सांडलेलं डिझेल पुसून घ्या, नाहीतर उद्या गळती नवी की जुनी हे कळणार नाही.

शेवटी पाइपांना आधार द्या. जोडातून लोंबणारी पाइप इंजिनच्या थरथरीनं हलत राहते आणि कितीही चांगलं सीलंट असलं तरी तो जोड ढिला करते. पाइप बोटीच्या अंगाला क्लिपनं बांधा, आणि इंजिन व बोट यांच्यामध्ये इंधनासाठीच बनवलेल्या होजचा छोटा तुकडा ठेवा.

पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झालं की प्रत्येक जोडाखाली पांढरा टिश्यू पेपर ठेवून रात्रभर राहू द्या. सकाळी सगळे कागद कोरडे असतील आणि इंजिन प्रायमर न मारता चालू झालं तर जोडांना आता पाना लावू नका. घट्ट झालेलं अॅनेरोबिक सीलंट ‘अजून थोडं आवळू’ म्हणून फिरवलं की तिथेच तुटतं.